भारत-चीनची श्रमशक्ती आणि मोजण्याचे माप

श्रोतेहो, दोन देशांची तुलना करावयाची झाली म्हणजे आपण सहजच त्यांची लोकसंख्या शेजारीशेजारी मांडतो. एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या चीनच्या बरोबरीला आली आणि लगेच तिच्या पुढे गेली. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी येते. कष्ट करणाऱ्या हातांच्या संख्येतही आता भारत चीनला मागे टाकणार, असे ते वाक्य. ऐकावयास ते सोपे वाटते. परंतु खाणारी तोंडे मोजणे आणि राबणारे हात मोजणे या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. तोंड कोणाचेही असो, ते मोजता येते. हात मात्र कोणाचा राबतो आणि कोणाचा राबत नाही, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. हे ठरवणारे माप गेल्या सत्तर वर्षांत दोन्ही देशांत कसे बदलले आणि त्या मापातून कोण निसटले, याचा आज आपण विचार करू.

प्रथम श्रमशक्ती या शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊ. जे काम करीत आहेत ते, आणि जे काम करीत नाहीत परंतु काम शोधत आहेत किंवा मिळाल्यास करण्यास तयार आहेत ते, अशा दोघांची बेरीज म्हणजे देशाची श्रमशक्ती. शाळा-कॉलेजात शिकणारा विद्यार्थी, निवृत्त झालेले वृद्ध आणि केवळ स्वतःचे घर सांभाळणारी गृहिणी ही मंडळी या बेरजेबाहेर राहतात. बेकार मनुष्य मात्र बेरजेच्या आत असतो. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. वर्षभर वणवण करून निराश झालेल्या एखाद्या तरुणाने नोकरी शोधणेच सोडून दिले, तर तो बेकारांच्या यादीतून वगळला जातो आणि श्रमशक्तीतूनही बाहेर पडतो. कागदावर बेकारी घटलेली दिसते. त्या तरुणाच्या घरात मात्र काहीच बदललेले नसते.

म्हणून श्रमशक्तीच्या आकड्यामागे दोन निराळे आकडे दडलेले असतात. पहिला, काम करण्याच्या वयातील माणसे किती. दुसरा, त्यांच्यापैकी किती जण कामाच्या व्यवहारात उतरले आहेत, म्हणजे सहभागाचे प्रमाण. पहिला आकडा जन्म, मृत्यू आणि वय यांवर अवलंबून असतो. तो हळूहळू बदलतो आणि वीस वर्षे आधीच ओळखता येतो, कारण आज कामाला लागणारा तरुण वीस वर्षांपूर्वीच जन्मास आलेला असतो. दुसरा आकडा तसा नाही. समाजाची रीत, शिक्षणाचा प्रसार, रोजगाराची उपलब्धता, आणि शिवाय प्रगणकाने विचारलेला प्रश्न, या साऱ्यांचा त्यावर परिणाम होतो.

आता प्रारंभापासून पाहू. स्वतंत्र भारताची पहिली शिरगणती १९५१ साली झाली. त्या वेळी लोकसंख्या सुमारे ३६ कोटी भरली. नव्या चीनची पहिली शिरगणती १९५३ साली झाली आणि तेथे मुख्य भूमीवर सुमारे ५८ कोटी माणसे मोजली गेली. चीनच्या शासकीय आकडेवारीप्रमाणे १९५२ साली कामावर असलेल्यांची संख्या सुमारे २०.७ कोटी होती. १९७८ साली ती ४० कोटींवर गेली. सव्वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट, अशी ही वाढ आहे.

भारताची रेषा अशी सरळ निघत नाही. १९६१च्या शिरगणतीत देशात काम करणारी माणसे सुमारे १८.९ कोटी होती. दहा वर्षांनंतर, १९७१ साली, ती सुमारे १८ कोटी भरली. या दहा वर्षांत लोकसंख्या ४४ कोटींवरून ५५ कोटींच्या घरात गेली होती. अकरा कोटी माणसे वाढली आणि काम करणारे हात घटले, हे कसे? दुष्काळात कामे गेली, की गिरण्या बंद पडल्या? आकडे थोडे उलगडून पाहिले म्हणजे उत्तर सापडते. काम करणारे पुरुष या काळात सुमारे १३ कोटींवरून १५ कोटींवर गेले, म्हणजे वाढले. काम करणाऱ्या स्त्रिया मात्र सुमारे ५.९ कोटींवरून ३.१ कोटींवर आल्या. दहा वर्षांत पावणेतीन कोटींहून अधिक स्त्रिया कामकऱ्यांच्या यादीतून नाहीशा झाल्या.

त्या गेल्या कोठे? कोठेही गेल्या नव्हत्या. प्रश्न बदलला होता.

हे समजण्यासाठी एक उदाहरण कल्पून घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भरपूर पावसाच्या भातखाचरांच्या मुलुखात, एका शेतकऱ्याच्या घरी एक बाई आहे. पहाटे उठून ती म्हशीचे शेण काढते, धार काढते, मग घरची चूल पेटवते. आषाढात ती गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची लावणी करते, पुढे बेणणी करते, सुगीत कापणीला आणि मळणीला असते. उन्हाळ्यात रानातून सरपण आणते. तिच्या दारी दर दहा वर्षांनी प्रगणक येतो.

१९५१ साली प्रगणकाने तिच्या उत्पन्नाची चौकशी केली. त्या शिरगणतीत माणसांचे तीन वर्ग केले होते : स्वतःचा निर्वाह स्वतः चालवणारे, कमावते परंतु दुसऱ्यावर अवलंबून असलेले, आणि काहीच न कमावणारे अवलंबित. या बाईच्या हाती पैसा येत नव्हता. ती कोणत्या वर्गात पडावी, हे घरातील पुरुषाच्या उत्तरावर आणि प्रगणकाच्या समजुतीवर राहिले.

१९६१ साली कमाईऐवजी कामाचा प्रश्न आला. हंगामी कामाच्या बाबतीत नियम असा होता की, हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाकाठी एक तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी समजावी. आपली बाई या नियमाने सहज यादीत आली.

१९७१ साली प्रश्न पुन्हा बदलला. आता विचारले गेले की, या व्यक्तीचा मुख्य व्यवसाय काय? घरातील कोणीतरी उत्तर दिले, ‘घरकाम.’ ते खोटे नव्हते. चोवीस तासांत तिचा अधिक वेळ चुलीपाशीच जात होता. परंतु ‘मुख्य’ या एका शब्दाने ती बिगरकामकरी ठरली. तिची लावणी, तिची कापणी हे सारे गौण काम म्हणून वेगळ्या रकान्यात गेले आणि कामकऱ्यांच्या मुख्य बेरजेतून सुटले. १९८१ साली यावर तोड काढण्यात आली. वर्षातून १८३ दिवस किंवा अधिक काम करणारे ते मुख्य कामकरी आणि त्याहून कमी दिवस काम करणारे ते सीमांत कामकरी, असे दोन वर्ग केले गेले. आपली बाई पुन्हा मोजली जाऊ लागली, पण सीमांत या नावाने. २०११च्या शिरगणतीत देशातील कामकऱ्यांची एकूण संख्या सुमारे ४८ कोटी होती आणि त्यांतील जवळजवळ १२ कोटी सीमांत होते. म्हणजे दर चार हातांपैकी एक हात अशा कडेला उभा होता.

बाई तीच, म्हैस तीच, खाचर तेच. माप मात्र तीन वेळा बदलले.

असाच प्रकार चीनमध्येही घडला, पण उलट्या दिशेने. चीनच्या शासकीय तक्त्यांत १९८९ साली कामावर असलेल्यांची संख्या ५५.३ कोटी दिसते आणि पुढच्याच वर्षी, १९९० साली, ती ६४.७ कोटी दिसते. एका वर्षात नऊ कोटींहून अधिक माणसांना नवे काम लागले, असे जगात कोठेही घडत नाही. झाले ते असे. तोवरची संख्या कारखाने, कचेऱ्या आणि ग्रामसंस्था यांनी वर पाठविलेल्या अहवालांची बेरीज करून काढली जात असे. १९९०च्या शिरगणतीत घरोघर चौकशी झाली, तेव्हा त्या अहवालांत न सापडलेले कोट्यवधी लोक आढळले. १९९० पासूनचे आकडे शिरगणतीशी जुळवून घेतले गेले, पण मागचे आकडे तसेच राहिले. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो या तक्त्यावरून एक उंच उडी काढील आणि तिचे श्रेय एखाद्या धोरणाला देऊन मोकळा होईल.

येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. चीनमध्ये १९५८ पासून पुढे सुमारे पंचवीस वर्षे शेती कम्यूनच्या ताब्यात होती. शेतावर कोण आले, किती राबले, याची नोंद रोजच्या रोज होई आणि प्रत्येकाला कामाचे गुण मिळत. स्त्रियांना बहुधा पुरुषांपेक्षा कमी गुण मिळत, हा अन्याय होताच. तरीही बाईचे नाव वहीत चढे. आपल्याकडे शेती कुटुंबाची राहिली. कुटुंबात हजेरीपट नसतो आणि घरच्या माणसाला मजुरीही नसते. म्हणून तेच लावणीचे काम तेथे कागदावर आले आणि येथे चुलीच्या धुरात हरवले. दोन देशांच्या आकड्यांतील अंतराचा काही भाग अशा रीतीने हिशेब ठेवण्याच्या पद्धतीतून आला आहे, हे विसरून चालणार नाही.

ही अडचण आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. बेकारीच्या मोजमापाचा विचार करण्यासाठी प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९७० साली अहवाल दिला. आपल्यासारख्या देशात सगळ्यांची एक ठोक बेरीज करून श्रमशक्तीचा एकच आकडा सांगणे योग्य नाही, असे त्या समितीचे मत पडले. गाव आणि शहर, स्त्री आणि पुरुष, वय, शिक्षण, स्वतःचा धंदा की मजुरी, असे भाग पाडूनच आकडे पाहावेत, असे तिने सुचविले. त्यानुसार १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने तीन मापे वापरावयास घेतली : वर्षभराची नेहमीची स्थिती, मागील सप्ताहाची स्थिती आणि त्या सप्ताहातील एकेका दिवसाची स्थिती. आपल्या खानापूरच्या बाईला आषाढात विचारले तर सप्ताहाच्या मापाने ती कामकरी ठरेल, चैत्रात विचारले तर कदाचित ठरणार नाही.

मग सगळाच खेळ मापाचा आहे काय? खराखुरा बदल काहीच झाला नाही काय? तसे मुळीच नाही. माप बाजूला ठेवले तरी एक मोठा आणि खरा बदल उरतो. तो वयाचा आहे.

चीनमध्ये जन्मप्रमाण १९७०च्या दशकातच झपाट्याने उतरू लागले होते. त्या दशकाच्या अखेरीस एकच मूल हे धोरण आले आणि ते २०१५ पर्यंत टिकले. जोवर मुले कमी आणि पूर्वी जन्मलेले तरुण अधिक होते, तोवर या धोरणाचा लाभ दिसला. कमावते हात पुष्कळ, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली तोंडे थोडी. कारखान्यांना माणसांची वाण पडली नाही. परंतु न जन्मलेले मूल वीस वर्षांनी कामावर येत नाही. २०१२ साली १५ ते ५९ या वयोगटातील संख्या जवळजवळ ३५ लाखांनी घटल्याचे चीनच्या सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केले. कामावर असलेल्यांची संख्या २०१४च्या सुमारास ७६ कोटींच्या पुढे जाऊन उतरू लागली आणि २०२४ साली ती ७३.४ कोटी होती. २०२२ पासून तर एकूण लोकसंख्याही घटू लागली. पुरुषांनी साठाव्या वर्षी, श्रमिक स्त्रियांनी पन्नासाव्या आणि कचेरीतील स्त्रियांनी पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हावे, हा चीनमधील कित्येक दशकांचा नियम. तो बदलून १ जानेवारी २०२५ पासून ही वये क्रमाक्रमाने पंधरा वर्षांत ६३, ५५ आणि ५८ पर्यंत नेण्यास सुरुवात झाली. निवृत्तीचे वय वाढविणे म्हणजे श्रमशक्तीची ओहोटी थोडी थोपविणेच होय.

भारतात जन्मप्रमाण उतरले, पण सावकाश. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी दोन मुले, इतके ते खाली आले होते. त्यामुळे आपली भरती अद्याप चालू आहे, परंतु तीही कायमची नाही. आजच्या पाळण्यांची संख्या पाहिली म्हणजे आणखी काही दशकांनी आपल्याकडेही हीच ओहोटी येणार, हे उघड दिसते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहू. १५ ते ६४ या वयातील माणसे आज दोन्ही देशांत जवळपास सारखी, म्हणजे ९५ ते १०० कोटींच्या दरम्यान आहेत. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजांवर आधारलेल्या तक्त्यांत चीनची श्रमशक्ती ७५ कोटींहून अधिक आणि भारताची ६० कोटींच्या आसपास दिसते. काम करण्याच्या वयाची माणसे बरोबरीची आणि श्रमशक्तीत मात्र पंधरा कोटींहून अधिक अंतर. हे अंतर कोणाचे? त्याच तक्त्यांत चीनच्या श्रमशक्तीत दर शंभरामागे सुमारे ४५ स्त्रिया आहेत, भारतात तीसच्या आसपास. हिशेब करून पाहिला तर दोन्ही देशांतील पुरुषांची संख्या जवळजवळ सारखी निघते. म्हणजे भारत आणि चीन यांच्या श्रमशक्तीत आज जे अंतर दिसते, ते बहुतांशी भारतीय स्त्रीच्या अनुपस्थितीचे अंतर आहे.

ही अनुपस्थिती खरी किती आणि कागदावरची किती, हाच कळीचा प्रश्न. २०१७ पासून आपल्याकडे श्रमशक्तीची नियतकालिक पाहणी दरवर्षी होऊ लागली. तिच्या २०१७-१८ च्या अहवालात पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी २३ श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये त्या जवळजवळ ४२ झाल्या. सहा वर्षांत इतकी वाढ पुरुषांच्या बाबतीत कोठेच आढळत नाही. परंतु त्याच अहवालांत आणखी एक गोष्ट आहे. काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारावर असलेल्यांचे प्रमाण याच काळात शेकडा ५२ वरून ६७ वर गेले. स्वयंरोजगार हा शब्द भारदस्त आहे. त्यात दुकान चालविणारी येते आणि नवऱ्याच्या शेतावर बिनमजुरीने राबणारीही येते. वाढीपैकी काही भाग नव्या उद्योगाचा असेल, काही घरच्या ओढगस्तीचा असेल आणि काही भाग प्रगणकाने अधिक बारकाईने विचारल्याचा असेल. तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या आहेत.

याउलट, आजच्या पाहणीतही घरकाम करता करता रानातून सरपण, भाजीपाला आणि जनावरांचा चारा गोळा करणाऱ्या, घरच्यांसाठी कपडे शिवणाऱ्या स्त्रीसाठी एक निराळी खूण आहे आणि ती श्रमशक्तीच्या बाहेरची आहे. तिने तेच सरपण बाजारात विकले तर ती कामकरी, आपल्या चुलीत घातले तर नव्हे. शिवाय २०१३ साली जगभरातील श्रमसांख्यिकांच्या परिषदेने रोजगाराची व्याख्या आणखी आखूड केली. मुख्यतः स्वतःच्या घरच्या खाण्यापुरते पिकविणारा शेतकरी हा काम करणारा खरा, पण रोजगारात असलेला नव्हे, असे तिने ठरविले. एखादा देश ही व्याख्या स्वीकारील, दुसरा जुनीच ठेवील. मग दोघांचे आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी बसले तरी त्यांची जात एक राहत नाही.

श्रोतेहो, हे सारे केवळ सांख्यिकांचे वाद आहेत असे समजू नका. जिची मोजणी होत नाही, तिच्यासाठी योजना आखली जात नाही. ती कामकरी नसेल तर तिला किमान वेतन कशाचे, निवृत्तिवेतन कशाचे, आणि पीक बुडाले असता भरपाई तरी कोणाच्या नावे? शेतकरी म्हटला की सातबारावरील पुरुषाचे नाव पुढे येते. त्याच्याइतकेच, कधी त्याच्याहून अधिक राबलेली स्त्री सरकारदप्तरी गृहिणी म्हणूनच राहते.

म्हणून यापुढे दोन देशांच्या श्रमशक्तीची तुलना आपल्या वाचनात आली, तर तीन प्रश्न स्वतःशी विचारावेत. पहिला : कोणत्या वयाची माणसे मोजली आहेत? कारण १५ ते ५९ हा गट निराळा आणि पंधरा वर्षांवरील सारे हा गट निराळा. दुसरा : काम कशाला म्हटले आहे आणि ते किती दिवसांचे? तिसरा : पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत माप तेच राहिले आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर आकड्यावर विश्वास ठेवावा. न मिळाली तर निदान निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

भारतातील हातांची संख्या चीनच्या पुढे जाईल की नाही, आणि केव्हा, हे वयोमानावर जितके अवलंबून आहे, तितकेच एका साध्या गोष्टीवरही आहे. पुढच्या वेळी प्रगणक खानापूरच्या त्या घराच्या दारात उभा राहील आणि विचारील, ‘ही काय करते?’ घरातून उत्तर येईल, ‘काही नाही, घरीच असते.’ त्या वेळी तिच्या पायांना खाचराचा चिखल लागलेला असेल. प्रगणकाने कागदावरून मान वर करून तो चिखल पाहावा, आणि मग लिहावे.